संगमरवरी मीटर आणि आजीचे तोळे

पॅरिस पाहून आलेला प्रवासी आयफेल मनोऱ्याचें व लूव्र संग्रहालयाचें वर्णन करतो. गेल्या ज्येष्ठांत मुलाकडे गेलों असतां आम्हीं मात्र एक अगदीं लहानशी वस्तु शोधून काढिली. लक्झेंबर्ग प्रासादासमोर, व्होजिरार रस्त्यावरील ३६ क्रमांकाच्या घराच्या कमानीखालीं, भिंतींत एक संगमरवरी पट्टी बसविलेली आहे. तिजवर मीटरच्या खुणा कोरलेल्या आहेत. येणारेजाणारे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत.

राज्यक्रांतीपूर्वीं फ्रान्समध्यें गांवोगांवीं मापें निराळीं असत व त्यांत गरिबांची नागवणूक होई. १७९५ सालीं कायद्यानें मीटर, लिटर व ग्रॅम ठरले. लोकांस नवें माप कळावें म्हणून १७९६-९७ मध्यें शहरांत अशा १६ पट्ट्या लाविल्या. त्यांपैकीं मूळ जागीं उरलेली ही एकच. कौटिल्यानें वजनेंमापें तपासण्यास पौतवाध्यक्ष सांगितला आहे; येथें तें काम रस्त्यांतील भिंतीकडे सोंपविलें होतें. कोणाही गृहिणीनें यावें व आपली दोरी लावून पाहावी!

तेथून परततांना बाजारांत एका वृद्ध बाईनें एक 'लिव्र' चेरी मागितल्या. विक्रेत्यानें निमूटपणें ५०० ग्रॅम तोलून दिल्या. पॅरिसचा जुना लिव्र सुमारें ४८९ ग्रॅमचा. नेपोलियननें १८१२ सालीं लोकांच्या संवयीस मान देऊन ५०० ग्रॅमच्या लिव्रास मोकळीक दिली. पुढें १८४० पासून शुद्ध मीटरपद्धति सक्तीची झाली. तरीही तो शब्द जिभेवरून गेला नाहीं. त्यांतील वजन तेवढें बदललें.

तें पाहून आम्ही जागच्या जागीं थबकलों. आपल्याकडेही हेंच नाहीं काय? १९५६ चा कायदा झाला आणि १९६२ च्या एप्रिलपासून नवीं वजनें सक्तीचीं झालीं. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. पावशेर २३३ ग्रॅमचा. आज आपण 'पावशेर भेंडी' म्हणतों आणि २५० ग्रॅम घेतों. त्याविषयीं कोणाची तक्रार नाहीं, कारण माप वाढलें. तोळ्याचें उलट झालें. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजचा बोलण्यांतील तोळा १० ग्रॅमचा.

आमच्या आजीनें दोन्ही सुनांस बारा बारा तोळ्यांच्या पाटल्या घातल्या. आईचा विवाह १९५५ चा, काकूंचा १९७४ चा. पुढें कांहीं कारणानें दोन्ही जोड सराफाकडे तोलले, तों आईच्या पाटल्या १४० ग्रॅम आणि काकूंच्या १२० ग्रॅम भरल्या. आजी तेव्हां हयात नव्हती. काकू एक अक्षर बोलल्या नाहींत. परंतु सासूबाईंनीं डावेंउजवें केलें हें शल्य त्यांच्या मनांत राहिलें, आणि दोघी जावांचें पूर्वीचें मोकळें बोलणें थांबलें. ही कोष्टकें आम्हीं वर्गांत कैक वर्षें शिकविलीं. घरांतील कोड्यास तीं लावून पाहण्याचें मात्र कधीं सुचलें नाहीं.

घरीं परत आल्यावर आम्हीं कागद पुढें घेऊन काकूंना तो हिशेब मांडून दाखविला. बारांस ११.६६ नें गुणिलें, १४० आले. त्यांनीं तो आंकडा दोनदां वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे सासूबाईंनीं दोघींना बाराच दिले होते. हें वहिनींच्या देखत कळतें तर फार बरें झालें असतें रे."

आईस जाऊन आतां नऊ वर्षें झालीं आहेत.

ज्यांच्या घरीं वडीलधाऱ्यांच्या हातच्या दागिन्यांच्या याद्या असतील, त्यांनीं प्रत्येक तोळ्यापुढें ग्रॅम लिहून ठेवावे, आणि तें काम घरांतील सर्व माणसें हयात आहेत तोंच करावें, एवढीच आमची विनंति आहे.