पाहणे आणि पहाणी

छायाचित्र म्हणजे कशाचे तरी छायाचित्र, ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट बसलेली असते की, चित्र हाती येताच आपण पहिला प्रश्न विचारतो तो ‘हे काय आहे?’ असा. राज्य शासनाच्या महसूल खात्यात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांस तर हा प्रश्न अंगवळणीच पडलेला. कागद कोणताही असो, त्याच्या माथ्यावर ‘विषय’ लिहिलेला असावयाचाच. म्हणूनच आदिलाबादेतील हौशी छायाचित्रकारांच्या एका लहानशा मंडळाने ‘अमूर्त’ छायाचित्रांची स्पर्धा योजून तिघा परीक्षकांत आम्हांसही गोविले, तेव्हा जेथे विषयच नाही तेथे गुण कशास द्यावयाचे, हे कोडे आम्हांस पडले.

वस्तुतः हा प्रकार काही नवा नव्हे. आल्विन लँग्डन कोबर्न यांनी १९१७ साली भिंगापुढे आरशांचा त्रिकोण धरून समोरच्या वस्तूंचे निव्वळ प्रकाशाचे तुकडे करून टाकले. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९२२ पासून कित्येक वर्षे केवळ ढग टिपले, आणि ही ढगांची नव्हे तर आपल्या मनोवस्थांची चित्रे आहेत, अशी भूमिका घेतली. आमच्या या भागाची कॅमेऱ्याशी ओळख झाली ती मात्र निराळ्या वाटेने. मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात येथील गोंड वस्त्यांची असंख्य छायाचित्रे घेतली. त्यांत माणूस, घर, सण, अवजार असे सारे काही ओळखता येते. नव्हे, ओळखता यावे यासाठीच ती घेतलेली आहेत.

स्पर्धेचे नियम साधे होते. चित्र कागदावर छापलेले व जाड पुठ्ठ्यावर चढविलेले असावे. मागे केवळ क्रमांक असावा. नाव वा शीर्षक नसावे. पडद्यावर क्षणभर झळकून जाणाऱ्या चित्रापेक्षा कागदावरचे चित्र निराळे वागते, हे तेथे ध्यानात आले. त्याच्याजवळ जाता येते, दूर सरता येते, खिडकीच्या उजेडात ते तिरपे धरून त्यातील काळ्या रंगाची खोली जोखता येते. कोणी कॅमेरा हलवून सागाच्या बनाचे उभे पट्टे केले होते. कोणी गंजलेल्या पत्र्याचा एवढासा तुकडा भिंतीएवढा भासविला होता.

वाद झाला तो एकाच चित्रावरून. काळ्या पृष्ठभागावर अधिक काळ्या रेषांचे जाळे, कोठेही आडवे-उभे टोक नाही, क्षितिज नाही. एक परीक्षक म्हणाले, रेषांची रचना उत्तम, यापलीकडे काही शोधूच नये. दुसरे म्हणाले, ही भेगाळलेली जमीन आहे, हा दुष्काळ आहे; वर्तमानपत्रांनी हे चित्र झिजवून टाकले आहे, शिवाय ते ओळखू येते, तेव्हा ते अमूर्त नव्हेच.

सभागृहाची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध गृहस्थ, मूळचे पेनगंगेकाठचे शेतकरी, चहाचे पेले आवरीत होते. त्यांनी चित्राकडे पाहिले व सहज म्हणाले, “दुष्काळ कायचा साहेब? ही तं चैतातली काळी हाय. पऱ्हाटी उपटून झाली. आता जमीन अशी फाटलीच पाह्यजे, नाहीतं पयलं पाणी आत जाईल कसं?”

त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरूनच होते. कापसाच्या काळ्या जमिनीतील चिकणमाती ओलीने फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरून घेते. म्हणजे, जे एकास निव्वळ नक्षी वाटले व दुसऱ्यास आपत्ती, ते या शेतकऱ्याच्या दृष्टीने पेरणीपूर्वीच्या तयारीचे चित्र होते.

आम्हांस त्या घटकेला वासुदेव गायतोंडे आठवले. नागपुरास १९२४ साली जन्मलेल्या या चित्रकारास आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले रुचत नसे. आपली चित्रे कोणत्याही वस्तूपासून निघालेली नाहीत, असा त्यांचा आग्रह असे. चित्रकाराला ते शक्य आहे. कोरा कॅनव्हास कोणाच्या मालकीचा नसतो. छायाचित्रकाराला मात्र कोणत्या तरी शेतात, कोणाच्या तरी भिंतीसमोर उभे राहावेच लागते. त्याने वस्तूचे नाव पुसावे, रूप बदलावे. परंतु तिच्यावरून आलेल्या प्रकाशावाचून त्याच्या कागदावर काहीच उमटत नाही. कॅमेऱ्यातील अमूर्त हे असे उसने आणलेले असते, आणि उसने आणणाऱ्याने धन्याला ओळखावे, एवढी अपेक्षा गैर नाही. ओळख पटल्याने त्या चित्राचे सौंदर्य तसूभरही कमी झाले नाही. उलट त्या रेषांना काम मिळाले. आम्ही त्यास पूर्ण गुण दिले. तिघांच्या गुणांची बेरीज होऊन ते दुसरे आले.

आमच्या मुलखात पिकांची नोंद असलेल्या सरकारी कागदास ‘पहाणी’ म्हणत. शब्द ‘पाहणे’ यातूनच आलेला. तथापि कित्येकदा तो कागद शेत न पाहताच भरला जाई. शेताचा क्रमांक, पिकाचे नाव, क्षेत्र, एवढ्यावर जमीन संपे. नाव कळले की पाहणे थांबते, हा कचेरीचा दोष. आणि नाव पुसले की पाहिले असे वाटते, हा कलेचा. दोन्हींत शेत निसटते.

म्हणून निरोप घेताना आम्ही मंडळास एक सूचना केली. परीक्षण नावावाचूनच व्हावे. परंतु प्रत्येक चित्रामागे ठिकाण व महिना लिहिलेली एक बंद चिठ्ठी असावी, आणि निकालानंतर ती सर्वांसमक्ष उघडावी. पुढील स्पर्धेसाठी मंडळाने ही सूचना टिपून घेतली आहे. त्या वेळी चिठ्ठ्या वाचावयास पेनगंगेकाठच्या त्या गृहस्थांनाच बोलवावे, असे आम्हांस वाटते.