चार टायर आणि एक स्टेपनी

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की जुनी माणसं रॉकेलच्या टंचाईचं सांगायची, धान्याच्या रांगांचं सांगायची, कंट्रोलच्या जाड्याभरड्या कापडाचं सांगायची. टायरचं कुणी सांगत नसे. सांगणार तरी काय? बैलगाडीच्या चाकाला तेव्हा लोखंडी धाव असायची, आणि मोटार म्हणजे साहेबाची किंवा सावकाराची. आमच्या घरात मात्र लढाई म्हणजे टायर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्या दिवसांत लोणंद स्टेशन ते फलटण धावणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते. वय असेल सोळा-सतरा.

लढाईचा आणि रबराचा संबंध काय, असं लहानपणी मला वाटायचं. संबंध मोठा आहे. रबर हा झाडाचा चीक. झाड मूळचं ब्राझीलचं, पण इंग्रजांनी आणि डचांनी त्याच्या लागवडी केल्या त्या मलायात आणि जावा-सुमात्रात. जगाला लागणारं दहातलं नऊ हिस्से रबर त्याच टापूतून येई. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर स्वारी केली, १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये जावाही गेलं. तीन महिन्यांत जगाचं रबराचं कोठार शत्रूच्या हाती! आपल्याकडे त्रावणकोरात थोड्या लागवडी होत्या, शेजारी सिंहलद्वीपात जास्त होत्या, पण तिथला चीक आधी लष्कराच्या गाड्यांना आणि विमानांना. सिंहलद्वीपात तर झाडांचा पुढचा विचार न करता त्यांना पिळून काढलं. बरं, नवी लागवड करावी तर रोप लावल्यापासून चीक निघायला सहा-सात वर्षं जातात. लढाई काय तेवढी थांबते?

तर अण्णांच्या मोटारीला पुढे दोन, मागे दोन आणि एक स्टेपनी, असे पाच टायर. नव्या टायरला परवाना लागे, आणि परवाना मिळाला तरी माल मिळेलच असं नाही. पेट्रोलवर तर १९४१ पासूनच रेशन होतं. म्हणून मोटारीच्या मागे बंबासारखी मोठी टाकी बसवली होती. तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या धुरातल्या वायूवर इंजिन चालवायचं. क्लीनरने पहाटे उठून पंख्याचं चाक गरागरा फिरवून निखारा फुलवायचा. अण्णा म्हणायचे, “आई मला ओळखायची ती आवाजावरून. तोंड काळं ठिक्कर असायचं.” चढ आला की उतारूंनी खाली उतरून मोटारीला हात लावायचा. तिकीट काढून वर ढकलायचंही! पण तक्रार कुणी करत नसे, कारण दुसरी मोटार नव्हती.

कोळसा रानात मिळत होता. टायर कुठे मिळणार? म्हणून अण्णांचे उस्ताद, म्हणजे मोटारीचे ड्रायव्हर, टायरला दुभत्या म्हशीसारखं जपायचे. पहाटे गाडी थंड असताना प्रत्येक टायरची हवा मापायची. टायर ठोकून आवाज ऐकणारे पुष्कळ असतात, आजही आहेत. उस्ताद म्हणायचे, ठोकून कलिंगड ओळखावं, हवा मापाच्या कांडीनंच बघावी. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कुशी प्रत्येक फेऱ्याला दबतात, सुटतात, दबतात, सुटतात. तार वाकवून वाकवून तोडताना जशी गरम होते तसा टायर आतून तापतो आणि त्याचे कापडाचे थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून काही दिसत नाही. फुटतो त्या दिवशी दिसतं.

उन्हाळ्यात उलटी अडचण. रस्ता तापला की आतली हवा फुगते आणि माप चढतं. अशा वेळी बरेच ड्रायव्हर भीतीने हवा सोडून देत. उस्तादांनी ते बजावून बंद केलं होतं. तापल्यावर चढलेलं माप टायर सोसतो. सोडून दिलेली हवा मात्र रात्री टायर थंड झाल्यावर कमी पडते आणि सकाळी गाडी अर्धपोटी निघते. त्यापेक्षा झाडाखाली गाडी उभी करावी, उतारूंना पाणी पिऊ द्यावं.

थांबा आला की अण्णांचं काम ठरलेलं. हातात मोडका पेचकस, आणि टायरच्या नक्षीत अडकलेले खडे, बाभळीचे काटे उकरून काढायचे. सगळ्यात वैरी म्हणजे बैलांच्या पत्र्यांचे खिळे. पत्री निखळली की खिळे रस्त्यावर पडत आणि नेमके टायरला भेटत. शिवाय गाड्यांच्या धावांनी रस्त्यात खोल चाकोऱ्या पडलेल्या. मोटारीचं चाक चाकोरीत गेलं की टायरची कूस काठाला घासते, म्हणून चाकोरीच्या मधोमध चाक ठेवून चालवायचं. चीर पडलीच तर आतून जुन्या टायरचा तुकडा, ज्याला गेटर म्हणतात, तो बसवायचा. ट्यूबला ठिगळावर ठिगळ. एकदा तर कुशीची चीर गावच्या चांभाराकडून मेणाच्या दोऱ्याने शिवून घेतली होती.

त्या शिवलेल्या टायरची एक हकीगत अण्णा सांगत. १९४३ च्या पावसाळ्यात वाटेवरच्या एका वस्तीवर एक बाई दोन दिवस अडली होती. सुइणीने हात टेकले. मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे लोणंदला रात्रीची रेल्वे गाठायला हवी. बैलगाडीने ती गाठणं शक्य नव्हतं. मोटार होती, पण स्टेपनी त्याच सकाळी गेलेली आणि मागचा उजवा टायर तो शिवलेला. तो फुटला तर बाई रानात, भर पावसात. उस्तादांनी सगळे उतारू उतरवले, टपावरची पोती उतरवली, बाईला आणि तिच्या सासूला डाव्या अंगाला बसवलं. उजव्या अंगाला कुणी नाही. जिथे रस्ता वाईट तिथे अण्णा कंदील घेऊन पुढे चालत, दगड बाजूला करत. बाकी ठिकाणी गाडी घोड्याच्या दुडक्या चालीने. रेल्वे मिळाली. पुढे तिला मुलगा झाल्याचं आणि दोघं सुखरूप असल्याचं महिन्याभराने तिच्या दिराने मोटारीपाशी येऊन सांगितलं. नारळ आणला होता, तो उस्तादांनी मागच्या चाकापुढेच फोडला.

पुढे मी शाळेत शिक्षिका झाले. भूगोलात मलाया आला की रबर यायचं, आणि वाचनाचा नाद असल्याने त्या काळातली अमेरिकेची हकीगत हाती लागली. मोटारींचा देश म्हणून ज्याचं नाव, तिथे रेशन सगळ्यात पहिलं कशावर आलं असेल? साखरेवर नाही, पेट्रोलवर नाही, टायरवर! ५ जानेवारी १९४२ पासून. गावोगावी तिथल्याच माणसांची समिती बसवली. डॉक्टर, आगीचा बंब, पोलीस यांना आधी टायर, आणि सहलीला जाणाऱ्याला काहीच नाही. जूनमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना रेडिओवरून जुनं रबर मागितलं. पेट्रोल पंपावर आणून द्यायचं, एका पौंडाला एक सेंट. लोकांनी फाटके टायर, पाण्याच्या नळ्या, रेनकोट, गमबूट, शेकायच्या पिशव्या आणून टाकल्या. चार आठवड्यांत साडेचार लाख टनांच्या आसपास ढीग जमला, पण जुन्या रबराचा नवा टायर काही चांगला होत नाही. जपणं हाच मार्ग राहिला.

म्हणून ताशी ३५ मैलांची, म्हणजे आपल्या ५६ किलोमीटरची, मर्यादा घातली. पेट्रोलचं रेशन सगळ्या देशाला लागू झालं ते १ डिसेंबर १९४२ ला. गंमत म्हणजे तेलाच्या विहिरींच्या मुलखातही ते लागू झालं. तिथले लोक चिडले. दारात तेल वाहतंय आणि आम्हाला मोजून का? तर रेशन तेल वाचवायला नव्हतंच. गाडी कमी फिरावी आणि टायर वाचावा, एवढ्यासाठी होतं. माणशी दूध घालणारेही घरोघरी एक दिवसाआड जाऊ लागले. शेतकऱ्यांना ट्रॅक्टरची रबरी चाकं मिळेनात, तेव्हा कारखान्यांतून पुन्हा लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर निघाले. आणि मोटारवाल्याने एका गाडीमागे पाचच टायर ठेवायचे, जास्तीचे सरकारला विकायचे, हाही नियम होता.

हे मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते पाच टायरपाशी थांबले. म्हणाले, “म्हणजे चार आणि एक स्टेपनी. आमच्याइतकेच की!” त्यांना फार समाधान वाटलं.

शेवटी अमेरिकेने कारखान्यात रबर केलं. १९४४ साली सात लाख टनांच्या वर. आपण शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखं यात हे, की सुरुवातीला त्यातलं बरंचसं धान्याच्या अल्कोहोलपासून झालं. मका आणि गहू देऊन टायर! आपल्याकडेही १९६३ साली बरेलीला उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून रबर करणारा कारखाना निघाला होता. तरी जड गाड्यांच्या टायरला झाडाचं रबर आजही बरंच लागतं.

आता लढाई नाही, परवाना नाही, पैसे टाकले की टायर मिळतो. पण पैसे किती टाकावे लागतात हे ज्याच्या दारात ट्रॉली आहे त्याला सांगायला नको. माझं सासर बागायतदाराचं. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्याने ट्रॉल्या जाताना मी बघते. वर ऊस छपराला लागेल एवढा आणि खाली टायर चपाती झालेले. वर टाकलेला एक जादा टन भाड्यात दिसतो, टायरमधून गेलेला पैसा दिसत नाही. आणि रात्री अशा ट्रॉलीचा टायर फुटून ती कलंडली तर शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय होतं, ते आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमचा थोरला एक चूक हमखास करायचा. नांगरटीला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत हवा थोडी कमी ठेवतात, माती चांगली धरली जाते, ते बरोबरच आहे. पण त्याच हवेवर तो डांबरी रस्त्याने कारखान्याला जायचा. सुनेनेच शेवटी हवेची कांडी आणली आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकातले आकडे खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहिले. शेताचे वेगळे, रस्त्याचे वेगळे. आता हवा तीच बघते. हंगाम संपला की रिकाम्या ट्रॉलीखाली लाकडी ठोकळे लावून चाकं अधांतरी करायची, टायरवर बारदान टाकायचं, डिझेल-ऑइल सांडलेल्या जागी गाडी उभी करायची नाही. ऊन आणि तेल रबराला वाळवीसारखे खातात. पुढची चाकं एका बाजूने झिजायला लागली तर टायरवाल्याकडे न जाता आधी चाकांची सरळ मिस्त्रीकडून बघून घ्यायची, नाहीतर नवा टायरही तसाच जातो.

अण्णांची सर्व्हिस मोटार लढाईनंतर फार वर्षं चालली नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एस.टी. सुटली आणि हळूहळू सगळ्याच रस्त्यांवर एस.टी. आली. अण्णा डेपोत टायरच्या कामावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मोटार भंगारात गेली तेव्हा उस्तादांनी तो शिवलेला टायर तेवढा मागून घेतला. त्याच चांभाराने त्याची पाच जोड पायताणं केली. एक जोड अण्णांच्या वाटणीला आली, ती माझ्या आजीने शेतात वापरली. तळाला दोऱ्याची शिवण दिसत असे.