निफाडची थंडी

सोमवारी स्वेटर, बुधवारी पंखा, शुक्रवारी पुन्हा कानटोपी. निफाडचा हिवाळा असाच लहरी. उत्तरेचे वारे सुटले की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कधीकधी ५ अंशांखाली उतरतो आणि गावाचं नाव बातम्यांत झळकतं. मला उगाच अभिमान वाटतो. थंडी जणू मीच पिकवली! पण त्याच थंडीनं द्राक्षमणी तडकतात, म्हणून पहाटे बागांमधून शेकोट्या पेटतात. त्यांचा धूर ओळींमधून सरपटत अंगणापर्यंत येतो, वाळत घातलेल्या कपड्यांना धरून राहतो. ढग आले की द्राक्षांवर डाऊनी रोगाची धास्ती. मग फवारणीचे ट्रॅक्टर घरघरतात. गोधडीत तो आवाज ऐकताना अंगाखालची ऊब परकी वाटते. बाग माझी नाही, झोप मात्र उडते. का, कोण जाणे. आज परत ढगाळ आहे. शेजारचे काका औषध आणायला पिंपळगावला गेलेत.