अक्षर लागत नाहीं

ज्याचें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें, त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. उत्तर चुकणें निराळें आणि अक्षर न लागणें निराळें. पहिल्याचे गुण कापावे. दुसऱ्याच्या बाबतींत विद्यार्थ्यास बोलावून पुन्हां लिहावयास सांगावें. अक्षर लागत नसतां अंदाजानें गुण देणारा परीक्षक कोणाचेंच हित करीत नाहीं. इतका साधा नियम, पण तो मी स्वतःच्या घरांत विसरलों, आणि त्याची आठवण मला आठ वर्षांच्या नातवानें करून दिली.

गेल्या वर्षीं दिवाळींत पुण्याच्या चिरंजीवांनीं मला एक मनगटी घड्याळ पाठविलें. तें वेळेबरोबर हृदयाचे ठोकेहि दाखवितें. त्याच्या पाठीमागें हिरवा दिवा लुकलुकत असतो. प्रत्येक ठोक्यासरशीं कातडीखालीं रक्त वाढलें कीं तें हा प्रकाश अधिक शोषून घेतें व परत येणारा प्रकाश किंचित् कमी होतो. त्या चढउतारावरून यंत्र ठोके मोजतें. म्हणजे तें हृदय पाहत नाहीं. हृदयाची मनगटावर पडलेली छाया पाहतें.

पुढें आषाढांत माउलींची पालखी आमच्या वेळापुरास आली. गांवाजवळच्या टेकडीवर वारकऱ्यांचा धावा होतो, हें अनेक वाचकांस ठाऊक असेल. मी धांवलों नाहीं. कडेस उभा राहून टाळ वाजवीत होतों. तोंच घड्याळांत १४८ हा आंकडा दिसला. सूनबाई घाबरली. धाकट्या बंधूंनीं मला तडक अकलुजास डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं मनगटावर तीन बोटें ठेवून पुरतें एक मिनिट मोजलें: ८८. सर्व हकीकत ऐकून ते हंसून म्हणाले, “मास्तर, घड्याळानें तुमचे ठोके मोजलेच नाहींत. त्यानें तुमचा टाळ मोजला!”

हात हालला कीं कातडीखालचें रक्तहि हिंदकळतें आणि पट्टा सरकतो. तें हालणें तालबद्ध असेल तर यंत्र त्यालाच नाडी समजतें. हालचाल टिपणारें निराळें साधन घड्याळांत असतें व तिचा परिणाम वजा करण्याचा प्रयत्नहि होतो. परंतु प्रत्येक वेळीं तो साधतोच असें नाहीं.

घरीं आम्ही सारे पुष्कळ हंसलों. यंत्र खोटी भीति घालतें, एवढें मला कळलें. तें खोटा धीरहि देतें, हें कळावयाचें होतें.

श्रावणांतील एका रात्रीं आमच्या सौभाग्यवतींस छातींत पांखरूं फडफडल्यासारखें होऊं लागलें. मीं माझें घड्याळ तिच्या मनगटास बांधलें. प्रथम नुसत्या आडव्या रेघा दिसल्या, मग ७२. “बहात्तर! कांहीं नाहीं, नीज आतां,” मी म्हणालों. शेजारीं निजलेला नातू उठून बसला होता. तो म्हणाला, “आजोबा, पट्टा केवढा सैल आहे! आणि त्याच्याखालीं आजीचें गोंदण आहे ना?” खरेंच, लहानपणीं जत्रेंत गोंदविलेलें तुळशीवृंदावन नेमकें त्या दिव्याखालीं होतें, आणि गोंदणाची शाई प्रकाश गिळून टाकते. मीं बोटांनीं नाडी पाहिली. ती भरभर चालली होती, पण तिला कसला तालच नव्हता.

पहांटे आम्ही डॉक्टरांकडे पोंचलों. त्यांनीं कार्डिओग्राम काढला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावतां नुसते थरथरत होते. यास ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. छातीवर नळी लावून मोजलेले ठोके मनगटावरील ठोक्यांहून अधिक भरले, कारण घाईंत पडलेले दुबळे ठोके मनगटापर्यंत पोंचतच नाहींत. या विकारांत हृदयांत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूंत गेल्यास पक्षाघात होऊं शकतो. म्हणून रक्त पातळ राखणारें औषध सुरू झालें. त्या ७२ वर विसंबून आम्ही निजलों असतों तर काय झालें असतें, हा विचार अजून मनांतून जात नाहीं.

पुढें २४ तासांचा आलेख घेण्यांत आला. नॉर्मन हॉल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४९ च्या सुमारास केलेलें असें पहिलें यंत्र सुमारें ३८ किलो वजनाचें होतें व तें पाठीवर वाहावें लागे. आतांचें मुठींत मावतें. आलेख दाखवितांना डॉक्टर म्हणाले, “प्रथम निदान करावयाचें नाहीं, प्रथम अक्षर लागतें का तें पाहावयाचें.” श्वासाबरोबर रेघ वरखालीं तरंगते, स्नायूंच्या हालचालीनें तिला कांटे फुटतात, घामानें चिकटपट्टी सुटते. असे भाग आधीं वगळतात. मात्र येथेंहि तारतम्य हवें. सौभाग्यवतींचे ठोके अनियमित, परंतु प्रत्येकाचें टोंक स्पष्ट होतें. वाक्य वेडेंवांकडें, पण अक्षर स्वच्छ! फार कडक परीक्षक अशा आलेखास डाग समजून फेंकून देईल, आणि त्याबरोबर रोगहि नजरेआड होईल.

आपल्या न्यायशास्त्रानें संशय आणि विपर्यय यांत भेद केला आहे. तिन्हीसांजेस दूरचा खांब मनुष्य वाटावा कीं खांब, हा संशय. शिंपलीस चांदी समजून उचलणें, हा विपर्यय. घड्याळांतल्या आडव्या रेघा हा संशय होता, ७२ हा विपर्यय. संशय असलेला मनुष्य जवळ जाऊन पाहतो. विपर्ययांत सांपडलेला पाहणेंच सोडून देतो. म्हणून “मला वाचतां येत नाहीं” असें सांगणारें यंत्र मी आतां अधिक प्रामाणिक मानतों.

आमच्या घरीं आतां एक रीत पडली आहे. पट्टा घट्ट करावा, गोंदण टाळावें, हात स्थिर ठेवून पांच मिनिटें स्वस्थ बसावें आणि मगच आंकडा वाचावा. जिवाला बरें वाटत नसेल तर आंकडा कितीहि गोड असो, डॉक्टरांकडे जावें. रोज रात्रीं मी तीन बोटें सौभाग्यवतींच्या मनगटावर ठेवतों. “मास्तर, आज किती गुण?” असें ती विचारते. अक्षर लागलें तरच मी सांगतों.