लोकनायक अणे : आपल्या जुन्या प्रांतातला एक माणूस

माझे आजोबा नागपूरला कायम ‘राजधानी’च म्हणत. त्यात चूक काही नव्हती. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत आपलं बऱ्हाणपूर ज्या मध्यप्रदेशात होतं, त्याची राजधानी नागपूरच होती. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड जिल्ह्यासोबत आपण इकडे राहिलो. या वाटणीत काही माणसंही आपल्या आठवणीतून निघून गेली. त्यांतले एक माधव श्रीहरी अणे, म्हणजे बापूजी अणे.

जन्म 1880 चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, वकिली यवतमाळला. टिळकांचे कट्टर अनुयायी, संस्कृतचे पंडित, विचारांनी सनातनी वळणाचे. गांधीजींचा असहकार त्यांना पूर्णपणे कधी पटला नाही. कायदेमंडळात जावं, सरकारशी जेवढ्यास तेवढं सहकार्य करावं, या मताच्या जयकर, केळकर, मुंजे यांच्यासोबत ते 1926 मध्ये प्रतियोगी सहकार पक्षात होते.

पण 1930 मध्ये गांधीजींनी कायदेभंग पुकारला, तेव्हा हाच माणूस पुसदच्या राखीव जंगलात गवत कापायला गेला आणि तुरुंगात बसला. 1933 मध्ये त्यांनी काँग्रेसचं हंगामी अध्यक्षपद सांभाळलं. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मदनमोहन मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला. 1941 मध्ये काँग्रेस सरकारपासून दूर असताना ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशातल्या हिंदी लोकांचं खातं त्यांच्याकडे आलं. ब्रह्मदेशावर जपानने हल्ला केल्यावर लाखो हिंदी माणसं डोंगर-जंगलातून पायी मायदेशी निघाली, ती याच काळात.

आजच्या भाषेत कुणी सहज म्हणेल, पक्षबदलू माणूस. मलाही त्यांची बरीच मतं पटत नाहीत. पण फेब्रुवारी 1943 मधली एक घटना मला महत्त्वाची वाटते. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते आणि त्यांनी 21 दिवसांचा उपवास सुरू केला होता. प्रकृती ढासळत होती, तरी सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. 17 फेब्रुवारीला होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि अणे या तिघांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. ज्यांच्या राजकारणाशी अण्यांचं वीस वर्षं जमलं नव्हतं, त्यांच्या जिवासाठी त्यांनी देशातली एक मोठी जागा सोडली.

गोष्ट इथे संपली असती तर फार सोपी झाली असती. पण त्याच वर्षी ते त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, आजच्या श्रीलंकेला गेले आणि 1947 पर्यंत तिथे राहिले. हे कसं समजून घ्यायचं? माझ्यापुरतं उत्तर असं : गांधीजींना कैदेत ठेवणाऱ्या मंडळात बसणं म्हणजे त्या निर्णयाची जबाबदारी घेणं. कोलंबोचं काम वेगळं होतं. इंग्रजांच्या मळ्यांसाठी तमिळ मजूर पिढ्यान्‌पिढ्या तिथे नेले गेले होते. सिलोन स्वतंत्र होण्याच्या वाटेवर होता आणि त्यांच्या मताधिकाराचं, नागरिकत्वाचं काय, हा प्रश्न समोर होता. त्यांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी तिथे हवंच होतं. हे उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही.

यशाचं म्हणाल तर ते मिळालं नाही. सिलोनच्या 1948 च्या नागरिकत्व कायद्याने सुमारे सात लाख मळेवाले एका फटक्यात कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. 1964 मध्ये शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांचा करार झाला, तरी प्रश्न पुढे कित्येक वर्षं रेंगाळला. आपल्यातले कितीतरी जण आज सिंगापूर, दुबई, अमेरिकेत नोकरी करतात. व्हिसाची मुदत वाढेपर्यंत झोप लागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथेच जन्मून, तिथेच राबून नागरिकत्व नाकारलं जाणं त्याच्या कितीतरी पलीकडचं आहे.

पुढे 1948 ते 1952 ते बिहारचे राज्यपाल होते. 1962 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. वेगळा विदर्भ हवा, ही त्यांची मागणी होती. तीही पुरी झाली नाही. 26 जानेवारी 1968 ला ते गेले. त्यांनी संस्कृतात लिहिलेल्या टिळकचरित्राला, ‘श्रीतिलकयशोर्णव’ला, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर, 1973 मध्ये.

घरोघरी राजकारणावरून आज भाऊ भावाशी अबोला धरतो, फॅमिली ग्रुपमधून माणसं बाहेर पडतात. मत पटत नाही म्हणजे माणूसच नको, इथपर्यंत आपण आलोय. अण्यांनी आपलं मत शेवटपर्यंत बदललं नाही आणि विरोधकाच्या जिवाची काळजी करताना ते आड येऊ दिलं नाही. एवढं आपल्याला घरातल्या घरात जमलं तरी पुष्कळ.

तुमच्या घरात त्या जुन्या प्रांताच्या आठवणी सांगणारं कुणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ जरा निवांत बसा. आणि जे कळेल ते आपल्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.