भाईजानचं सर्टिफिकेट

आमच्या मोहल्ल्यातले गॅरेजवाले मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. पंक्चर, डेंटिंग, पेंटिंग, वायरिंग, सीटकव्हर. गाडीचा कुठलाही भाग सांगा, त्याचा माणूस आमच्याकडे आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमान कामगार पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त दिसतात. आम्हाला ते अहवाल न वाचताही ठाऊक होतं. पण यातल्या किती जणांकडे आपल्या हुनरचा कागद आहे, असं विचारा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

माझे मोठे भाऊ सातवीत शाळा सोडून उस्तादांच्या गॅरेजात लागले. आधी पाने पुसणं, चहा आणणं, डिझेलमध्ये पार्ट धुणं. मग क्लचप्लेट, मग इंजिन खोलणं. उस्ताद समोर बसवून काही शिकवायचे नाहीत, "हाताकडे बघ" एवढंच म्हणायचे. आज गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच भाईजान सांगतात, टॅपेट वाजतायत की बेअरिंग गेलंय.

एका संस्थेत स्कूलबसच्या देखभालीची नोकरी निघाली. भाईजाननी अर्जात शिक्षण सातवी आणि अनुभव २६ वर्षं लिहिला. अनुभवाचा पुरावा मागितला गेला. उस्ताद तोवर अल्लाहला प्यारे झालेले. ज्यांच्या गॅरेजात पावतीपुस्तक नव्हतं, तिथलं अनुभवपत्र कुठून आणायचं? नोकरी गेली. त्या रात्री भाईजान जेवले नाहीत आणि अम्मीने कुणालाच काही विचारू दिलं नाही.

मग आरपीएलची माहिती मिळाली. रिकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आधीच आत्मसात केलेल्या कामाला मान्यता. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली, तिच्यातली ही एक वाट. नव्याने वर्षभर शिकायचं नाही. जे येतं ते तपासून घ्यायचं. कुठल्या कामाला काय काय यायला हवं, हे ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलने ठरवलंय. थोडी उजळणी, मग परीक्षा.

अर्ज मी भरला. घोडं अडलं नावावर. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तर घरातलं लाडाचं नाव! आमच्या किती घरांत हे दुखणं आहे, विचारू नका. आधी सगळीकडे एकच नाव करून घ्या, मगच अर्जाच्या मागे लागा.

परीक्षेत भाईजाननी ब्रेकमधली हवा काढून दाखवली, सिलिंडर हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला आवळत नेले. परीक्षकांनी विचारलं, "टॉर्क किती?"

"हाताला कळतं, साहेब."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी टॉर्करेंच पुढे केला. "तुमच्या हाताला कळतं हो. तुमच्याकडच्या पोराच्या हाताला कसं कळणार?"

हा प्रश्न भाईजान घरी घेऊन आले. पास झाल्याचं नंतर सांगितलं, आधी हे सांगितलं.

आता थोडं कडू बोलते. हे सर्टिफिकेट म्हणजे आयटीआय नव्हे. तिथला मोटर मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा, आणि जिथे जाहिरातीत आयटीआयच मागितलंय तिथे हा कागद चालेलच असं नाही. म्हणून नाव देण्याआधी विचारा: कुठल्या कामाचं, कुठल्या लेव्हलचं? नुसता फोटो काढून सही घेणारं शिबिर असेल तर उठून या. आखाती देशांत जायचं असेल तर तिथे काय मागतात ते वेगळं बघा. सौदीने तर ऑटो इलेक्ट्रिशियनसारख्या कामांसाठी स्वतःची कौशल्य चाचणी लावलीय.

तरी मी म्हणेन, घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, आणि नुसत्या कानावर चालणारं काम कमी होत चाललंय. सेन्सरचा बिघाड ऐकू येत नाही. भाईजाननी स्कॅनर घेतला तो त्या परीक्षेनंतरच.

स्कूलबसची ती जागा तोवर भरली होती. भाईजान अजून त्यांच्याच गॅरेजात आहेत. टॉर्करेंच भिंतीवर टांगलाय, पावतीपुस्तक छापून घेतलंय. हाताखाली तीन पोरं आहेत. रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी तिघांनाही हजेरीवहीत आधारवरच्या नावाने सही करावी लागते.