भंगारात निघालेला दस्तऐवज : मावळातल्या जुन्या मालमोटारी

१/
राजेरजवाड्यांच्या मोटारी संग्रहालयात पोहोचल्या. आगगाडीची इंजिनेही पोहोचली. मावळातला भात, दूध आणि भाजीपाला पुण्या-मुंबईच्या बाजारात नेणारी मालमोटार मात्र वजनावर विकली गेली. असे का घडले, आणि तिच्यापैकी एखादी वाचवायची ठरली तर नेमके काय वाचवायचे, याविषयीचा हा धागा.

२/
आरंभ रस्त्यापासून करावा लागतो. १० नोव्हेंबर १८३० रोजी, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी घाटातला माल बैलांच्या पाठीवरून जाई. १८६३ साली घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि लांबचा माल रेल्वेकडे वळला. पण रेल्वे स्टेशनाशीच थांबते. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ या खोऱ्यांतून स्टेशनापर्यंतची वाट बैलगाडीच्याच वाट्याला राहिली.

३/
ती वाट पुढे मोटारीने घेतली. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग जहाजातून पेट्यांत येत आणि शिवडीत त्यांची गाडी होई. थोड्याच काळात फोर्डनेही मुंबईत पाय रोवले. शेव्हरोले आणि फोर्ड ही नावे महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रुळली ती या काळात.

४/
मग महायुद्ध आले. पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा कोळशाच्या वायूवरही गाड्या चालवल्या गेल्या. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या मालमोटारी नागरी बाजारात विकल्या गेल्या. कॅनडात किंवा अमेरिकेत युद्धासाठी बांधलेले वाहन भारतात धान्याची पोती वाहू लागले. शेतमालाच्या वाहतुकीच्या इतिहासात हा टप्पा महत्त्वाचा आहे. त्याचा भौतिक पुरावा मात्र आज क्वचितच दिसतो.

५/
स्वदेशी प्रयत्नही त्याच सुमाराचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरशी झालेल्या करारान्वये डॉज आणि फार्गो मालमोटारी बाहेर पडल्या. १९५३ च्या टॅरिफ आयोगाने धोरण बदलले : नुसती जोडणी नको, उत्पादन हवे. जनरल मोटर्सने १९५४ साली काम आवरले. त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझची पहिली मालमोटार निघाली. तो करार १९६९ साली संपला, आणि गाडीच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तेथे ‘टी’ आले.

६/
काही वाहने लोखंडातून नाहीशी झाली, पण भाषेत उरली. हॅम्बुर्गच्या ‘टेम्पो’ कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोची तीनचाकी मालगाडी १९५८ च्या सुमारास भारतात आली. पुढे कंपनीचा मुक्काम आकुर्डीत पडला. आज मराठीत कोणत्याही बनावटीच्या लहान मालगाडीला ‘टेम्पो’च म्हणतात. कंपनीचे नाव २००५ साली ‘फोर्स मोटर्स’ झाले. सामान्यनाम मात्र बदलले नाही.

७/
आता मुख्य मुद्दा. मालमोटार कारखान्यातून पूर्ण होऊन येतच नसे. येई ती बहुधा चेसिस : सांगाडा, इंजिन, चाके आणि पुढचा दर्शनी भाग. केबिन आणि हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधत. लाकडी फळ्या, लोखंडी पट्ट्या, मागचा फाळका, टपावरची फळी, आणि शेवटी पेंटरच्या हातचे नाव व कुलदैवताचे स्मरण. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन गाड्या जन्मापासूनच वेगळ्या असत.

८/
पुढे त्या आणखी बदलत. पेट्रोल महाग पडू लागले, तेव्हा अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांत मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स डिझेल इंजिन बसवले गेले. पाटे दुसऱ्या गाडीचे, हौदा तिसऱ्यांदा बांधलेला, रंगाचे थर पाच. यादवकालीन जोत्यावर मराठाकालीन सभामंडप आणि वर विसाव्या शतकातला पत्रा, अशी गावोगावची मंदिरे अभ्यासकांच्या ओळखीची आहेत. जुनी मालमोटारही तशीच वाचावी लागते.

९/
आणि नेमके येथेच कायद्याशी तिचे जमत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली, अशी ही व्याख्या आहे. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका मिळते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास यांसाठी ते रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापर निषिद्ध.

१०/
ही व्याख्या गॅरेजमध्ये जपलेली खासगी मोटार डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. जिने आयुष्यभर काम केले, तिचे ‘मूळ स्वरूप’ कामातच झिजते. दुरुस्ती हा मालमोटारीच्या इतिहासावरचा डाग नव्हे. दुरुस्ती हाच तिचा इतिहास आहे. जे वाहन चैनीचे होते ते वारसा ठरते, आणि ज्याने गावाचे पोट भरले ते अपात्र ठरते. वारशाच्या कल्पनेतली ही जुनीच तफावत आहे. किल्ला आणि वाडा राहतो, खळे आणि गोठा जातो.

११/
सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी वाहने मोडीत काढण्यासाठी नोंदणीकृत केंद्रे आणली. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील जड मालवाहनाच्या ‘पासिंग’चे शुल्क १२,५०० रुपये झाले. यामागची कारणे खोटी नाहीत. जुन्या इंजिनाचा धूर आणि घाटउतारावर दगा देणारे ब्रेक जीवावर बेततात. प्रत्येक जुनी गाडी वाचवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न प्रत्येक प्रकारातली एखादी तरी राहावी, एवढाच आहे.

१२/
त्या नियमांतला एक तपशील अभ्यासकाला अस्वस्थ करतो. गाडी मोडल्यावर चेसिस क्रमांकाचा कापलेला तुकडा केंद्राने सहा महिने जपायचा असतो. उद्देश गैरवापर टाळण्याचा, आणि तो योग्यच आहे. पण पन्नास-साठ वर्षांच्या वाहतुकीचा शेवटचा अवशेष म्हणजे तळहाताएवढे लोखंड, आणि त्याचेही आयुष्य सहा महिने!

१३/
त्याच घाटातल्या रेल्वेची कथा वेगळी आहे. १९२९-३० मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले. ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी डब्ल्यूसीजी-१ इंजिने बोरघाटातून मालगाड्या ओढू लागली. त्यांतले ‘सर लेस्ली विल्सन’ आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. इंजिनाच्या मागे एक मोठी संस्था होती, तिची दप्तरे होती. मालमोटारीच्या मागे एक कुटुंब, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर होता.

१४/
रस्त्याच्या वारशाचे भाग्य तेवढे नाही. लोणावळ्याजवळचा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, स्फोटकांनी पाडण्यात आला. त्याची निदान बातमी झाली, छायाचित्रे राहिली. मालमोटार गॅस कटरखाली जाते तेव्हा बातमी होत नाही.

१५/
इतरत्र हे काम झालेले आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या लेलँड गावी १९८३ पासून व्यापारी वाहनांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. आपल्या ‘अशोक लेलँड’च्या नावातले ते हेच लेलँड. अमेरिकेत १९७१ पासून मालमोटारींच्या इतिहासाला वाहिलेली संस्था आहे. भारतात हरियाणातील तावडू येथे २०१३ साली वाहतूक वारशाचे संग्रहालय उभे राहिले. महाराष्ट्रात अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रणगाडा जपणाऱ्या राज्याला भाताची गाडी जपणे अशक्य नाही.

१६/
मावळाचा यावर विशेष हक्क आहे. शिवडीतून १९५४ साली गेलेली जनरल मोटर्स पुन्हा आली, ती मावळातच. २००८ साली तळेगाव दाभाडे येथे तिचा कारखाना सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला. एका शतकात शेव्हरोलेने महाराष्ट्राचा दोनदा निरोप घेतला. पहिल्या पर्वातली एखादी मालमोटार तळेगावात उभी असती, तर हा इतिहास शाळकरी मुलांनाही हाताने चाचपता आला असता.

१७/
मग वाचवायचे कसे? पहिली गोष्ट : लोखंडाआधी कागद. आरसी बुक, परमिट, मालाच्या पावत्या, गॅरेजची बिले. १९८९ पूर्वीचा नोंदणी क्रमांक आजच्या ‘एमएच १२’ किंवा ‘एमएच १४’ या धर्तीचा नसतो. तो नोंदवून ठेवणे अगत्याचे. दुसरी : चेसिस आणि इंजिन यांचे क्रमांक, हौद्याची मापे, सर्व बाजूंनी छायाचित्रे. तिसरी, आणि सर्वांत अवघड : नवा रंग देण्याचा मोह टाळणे. चकचकीत केलेल्या गाडीवरून पेंटरचे अक्षर पुसले जाते, आणि ते पुन्हा मिळत नाही.

१८/
चौथी गोष्ट सर्वांत निकडीची. ज्यांनी या गाड्या घाटात पहिल्या गिअरमध्ये चढवल्या, इंजिन तापले म्हणून वळणावर थांबून पाणी ओतले, पहाटेचा बाजार गाठण्यासाठी रात्री जागवल्या, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कोणत्या गाडीत कोणते पीक किती पोती भरत, कोणत्या वर्षी कोणत्या गावापर्यंत पक्का रस्ता पोहोचला, हे त्यांना पाठ असते. कोणत्याही गॅझेटियरमध्ये ते नाही.

१९/
सांगाडा सावलीला आणून ठेवण्यासाठी जागा लागते, पैसा लागतो, संस्थेचे पाठबळ लागते. ते उभे राहीपर्यंत वही, पेन आणि फोनचा कॅमेरा एवढ्यावर सुरुवात करता येते. आजोबांच्या ट्रंकेत तळाशी एखादे आरसी बुक पडलेले असेल, तर आधी त्याचे छायाचित्र काढावे, आणि मग त्यांच्याशेजारी बसून एकच विचारावे : या गाडीत पहिली खेप कशाची होती?